रंजनाची डावी बाजू

मैत्रेयी, सुगत,

गेल्या रविवारी फोनवर सुगत सहज बोलून गेला, "आजी, माझ्या रूममेटच्या मेंदूतली गाठ काढली. साधी होती गं. आता मस्त पिझ्झा खातोय." लगेच तुम्ही दोघं तिकडच्या बर्फाबद्दल बोलायला लागलात. फोन ठेवल्यावर मी निवडायला घेतलेली मेथी तशीच टाकून कितीतरी वेळ बसून होते. मामानं विचारलं, "आई, बरं वाटत नाही का?" त्याला काय सांगणार? 'साधी गाठ' हे शब्द ऐकले की माझ्या अंगावर अजून काटा येतो. गाठीला मी भीत नाही. गाठ निघून गेल्यावर जे पाहिलं, ते डोळ्यांपुढून जात नाही.

आमच्या इंदिरानगरच्या कॉलनीचा दिवाळीला अंक निघतो. "आजी, तुमच्या नोकरीबद्दल लिहा," म्हणून मंडळी मागे लागली होती. मी टाळत होते. आता लिहिते, पण तुम्हालाच लिहिते. त्यांना छापायचं तर छापोत.

आधी एक दुरुस्ती. तुम्हाला वाटतं, आजी नर्स होती. तुमची आईही शाळेत मैत्रिणींना तेच सांगायची, मला ठाऊक आहे. मी नर्स नव्हते, आया होते. पेशंटचं अंग पुसणं, भांडं देणं, कूस बदलणं, चादर ओढणं, स्ट्रेचरला हात लावणं ही माझी कामं. माझ्या वडिलांनी हट्टानं मला नाशिक रोडच्या इंग्रजी शाळेत घातलं होतं. आमच्या वस्तीत इंग्रजी बोलणारी मी पहिली मुलगी. नर्सिंगला जायचं ठरलंही होतं, पण लग्न झालं, मग तुमचे आजोबा आजारी पडले आणि जी नोकरी मिळाली ती घेतली. त्यामुळे आमच्या हॉस्पिटलात एक गंमत व्हायची. पेशंटसमोर बोलायचं नसेल ते डॉक्टर लोक इंग्रजीत बोलायचे. मी जवळपास असले की आवाज खाली आणायचे. पंचविशीतच सगळे मला 'मावशी' म्हणायला लागले होते, कारण आयाला मावशीच म्हणतात.

गोष्ट ऐंशीनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. डोक्याचं ऑपरेशन करायला तोवर लोक मुंबईला जायचे. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी मुंबईचे एक सर्जन दर रविवारी बोलवायला सुरुवात केली. आम्ही त्यांना नुसतं 'सर' म्हणायचो. डोक्याचा स्कॅन मुंबईहून काढून आणायचा आणि ऑपरेशन इथं व्हायचं. बाकीचे सहा दिवस पेशंट आमच्या हातात.

साधी गाठ म्हणजे पाण्यानं भरलेली पिशवी. ती कॅन्सरची नसते, पसरत नाही. पण कवटीला कुठं ताणायची सोय असते? आत पिशवी फुगली की मेंदू दबतो. डोकं फुटेल असं दुखतं, उलट्या होतात, फिट येते. पिशवी काढली की दाब जातो. एवढंच ते ऑपरेशन, असं सांगायचे. नंतर आम्ही काय बघायचं, तर डोक्याखाली उंच उशी आहे ना, हात बँडेजकडे जात नाही ना, उशी ओली झाली नाही ना. उशीवर पाण्याचा डाग दिसला, म्हणजे मेंदूभोवतीचं पाणी जखमेतून गळतंय, की धावत सिस्टरला सांगायचं. आणि पेशंटला सारखं बोलतं ठेवायचं. नाव काय, गाव कोणतं, आज वार कोणता. ओझरच्या कारखान्यातला एक फिटर होता. मोठ्या सिस्टरनी त्याला विचारलं, "पंतप्रधान कोण?" त्यानं नाव घेण्याऐवजी शिवी हासडली. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "मावशी, याला चहा द्या. पूर्ण शुद्धीवर आहे." त्याच माणसानं नंतर हट्ट धरला, माझी गाठ बाटलीत घालून दाखवा. पाणीच होतं ते, निघून गेलं म्हटल्यावर चिडला. "पाण्यासाठी एवढे टाके घातले?"

अशी माणसं उठून, हसून घरी जायची. त्यामुळे आम्हाला वाटायला लागलं, की गाठ साधी असली की पुढचंही साधंच.

मग रंजना आली. सटाण्याकडची, कांदा पिकवणाऱ्या घरातली सून. वय बाविशीच्या आसपास, पदरात दहा महिन्यांची मुलगी. पिंकी म्हणायचे तिला. रंजनाला शेतात फिट आली होती. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ निघाली. बरोबर नवरा दिलीप आणि सासू. सासूला सगळे आक्का म्हणायचे. आक्का अहिराणी बोलायच्या, आवाज असा की तीन खाटांपलीकडच्या माणसानंही उत्तर द्यावं. ऑपरेशनआधी मी रंजनाचं डोकं भादरलं तेव्हा ती मुसमुसायला लागली. आक्का म्हणाल्या, "रडस काबरं? आते उवा देखाना तरास गया." रंजना रडता रडता हसली. पण मी केस गोळा करून टाकायला निघाले, तर आक्कांनी ते माझ्या हातातून घेतले आणि स्वतःच्या लुगड्याच्या टोकात बांधले.

ऑपरेशन चांगलं झालं. सर म्हणाले, आख्खी पिशवी न फुटता निघाली. रंजना दुसऱ्या दिवशी बोलायला लागली. नाव, गाव, वार, सगळं बरोबर. हात दाबा म्हटलं की दाबायची, पाय उचला म्हटलं की उचलायची. जखम कोरडी. भूक चांगली. आम्ही सगळे खूश होतो.

आता नीट वाचा. आमच्याकडे रीत होती, की डोक्याच्या पेशंटला कोपऱ्यातली खाट द्यायची. खाटेची एक बाजू भिंतीला, म्हणजे पेशंट निदान त्या बाजूनं पडत नाही. भिंत डाव्या हाताला यायची. त्यामुळे सिस्टर, डॉक्टर, मी, आक्का, रविवारी सरसुद्धा, जो तो तिच्याकडे उजव्या बाजूनं येत होता. जेवतो आपण उजव्या हातानं. डावा हात मांडीवर पडून राहिला तर कुणाच्या मनात काय येणार? ताटात भाजी, आमटी उजवीकडे असते. डावीकडे चटणी, लोणचं, कोशिंबीर. पेशंटला तिखट नको असं सांगितलेलंच होतं, मग डावीकडचं तसंच राहिलं तर उलट आम्ही म्हणायचो, गुणाची पोर आहे. पदर डाव्या खांद्यावरून घसरून जमिनीवर लोळायचा आणि तिला पत्ता नसायचा. आक्का पिन लावून द्यायच्या. "अशक्तपणा," सगळे म्हणायचे.

आपली सगळी वागण्याची पद्धतच अशी, की तिला ते लपवायची गरजच नव्हती. तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी दिलीप पिंकीला घेऊन आला. ऑपरेशननंतर मायलेकी पहिल्यांदा भेटणार होत्या. अख्खा वॉर्ड बघत होता. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी चष्मा लावला. रंजना अंथरुणावर मांडी घालून बसली होती, पण पाणी प्यायला उजवीकडच्या तांब्याकडे वळलेली. पोर खाली पडायला नको म्हणून आक्कांनी तिला रंजना आणि भिंत यांच्यामध्ये बसवलं. म्हणजे डावीकडे. ऑपरेशन झाल्यापासून त्या बाजूला पहिल्यांदा काहीतरी ठेवलं गेलं होतं.

रंजनानं तांब्या ठेवला, आक्कांकडे बघितलं आणि विचारलं, "आक्का, पिंकीले आनं नही का?"

आक्का हसल्या. "मस्करी करस का व माय?"

पिंकीनं आईचा डावा हात धरला होता. बांगड्या ओढत होती. आई बघेना, म्हणून तिनं ओठ काढले आणि भोकाड पसरलं. रंजनानं मान वर केली. वॉर्डभर बघितलं, दाराकडे, समोरच्या खाटांकडे, माझ्याकडे. चेहऱ्यावर काळजी. म्हणाली, "कोनी पोर रडी ऱ्हायनी? भूक लागनी व्हई बिचारीले."

तिचीच पोर तिच्या मांडीला टेकून रडत होती, आणि ती विचारत होती, कुणाची पोर रडते आहे.

मी हातातलं भांडं खाली ठेवलं की पडलं, मला आठवत नाही. शेजारच्या बाईंनी चष्मा काढला. मी मेलेली माणसं उचलली आहेत, जळालेल्या बायका पाहिल्या आहेत. पण असा धक्का मला कधी बसला नव्हता. कारण इथं काहीच मोडलेलं, सांडलेलं दिसत नव्हतं. समोर शहाणी, प्रेमळ आई बसली होती आणि तिच्या लेखी तिची मुलगी तिथं नव्हतीच.

आक्कांनी झडप घालून पोर उचलली. त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "डाक्टरनी मन्ही सूनना मेंदू काढी लिधा. पोटनी पोर वळखस नही ती." मग दिलीपकडे वळून, "हिले हिन्या मायकडे धाड. हाई बाईले मी पोर देवाव नही."

"आई, थांब ना जरा," दिलीप म्हणाला.

"तू गप ऱ्हाय! उद्या चुलापासी बसाडी आनि इसरी जाई, मंग?"

पोरीला घेऊन त्या व्हरांड्यात निघून गेल्या. आक्का चुकीचं बोलत नव्हत्या, हेच वाईट होतं. त्या घरात चूल होती, विहीर होती, गोठा होता. रंजना मला विचारत होती, "मावशी, आक्का का चिडल्या? मी काय केलं?" तिच्या डावीकडे चादरीवर पोरीच्या पायातला एक मोजा पडला होता. मी तो उचलला.

आक्का पिशवी भरून एस.टी. स्टँडवर जायला तयार होत्या. मी व्हरांड्यात गेले, म्हटलं, "आक्का, सर येतीलच एवढ्यात. त्यांच्या तोंडावर बोला आणि मग जा." भांडायला माणूस मिळतोय म्हटल्यावर त्या थांबल्या.

सर आले. मोठ्या सिस्टरनी सगळं सांगितलं. त्यांनी खाटेचा पाय धरला आणि मला खूण केली. आम्ही दोघांनी खाट भिंतीपासून ओढली. ते त्या फटीत शिरून तिच्या डाव्या बाजूला उभे राहिले आणि म्हणाले, "रंजना."

तिनं उजवीकडे बघितलं. परत हाक मारली. ती आणखी उजवीकडे वळली, अगदी खांद्यामागे बघायला लागली.

सरांचा चेहरा उतरला. इंग्रजीत म्हणाले, "मीही दर वेळी त्याच बाजूनं आलो." मग त्यांनी मला नीट समजावलं आणि म्हणाले, आता सासूबाईंना सांगा. उजव्या मेंदूला सूज असली की कधीकधी असं होतं. डोळे चांगले, कान चांगले, माया जागच्या जागी. पण डावीकडे जग आहे हेच मेंदूच्या लेखी उरत नाही. त्यांनी वापरलेल्या इंग्रजी शब्दाचा सरळ अर्थ 'दुर्लक्ष' होतो. तो शब्द मी मुद्दाम टाळला. सासूला जाऊन 'तुमची सून लेकराकडे दुर्लक्ष करते' असं सांगितलं असतं तर संपलंच होतं. मी म्हटलं, "आक्का, तिला अर्धंच जग दिसतंय आणि ते अर्धं आहे हे तिला कळत नाही."

आक्कांचा काडीचा विश्वास बसला नाही. सरांनी कागद-पेन्सिल मागवली, तर रंजना लाजून म्हणाली, "मला चित्र नाही येत."

"चित्र नही तं रांगोळी काढाले लाव," आक्का दारातून तिरसटपणे म्हणाल्या. "दिवाळीले सारी गल्ली देखाले येस तिन्ही रांगोळी. तीबी इसरनी का ते देखू."

स्वयंपाकघरातून ज्वारीचं पीठ आणलं. व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवर रंजना बसली. चिमटीत पीठ धरल्याबरोबर तिचा चेहरा खुलला. हात जराही कापत नव्हता. मधोमध एक टिंब ठेवलं आणि कमळ काढायला लागली. पाकळी, पाकळीच्या आत पाकळी, वर नाजूक वेल. हात थांबला. तिनं पीठ झटकलं आणि म्हणाली, "झाली. कशी झाली, आक्का?"

फरशीवर अर्धं कमळ होतं. उजवीकडच्या पाकळ्या इतक्या सुबक, की छापल्यासारख्या. मधल्या टिंबापासून डावीकडे रिकामी फरशी. सुरीनं कापावं तशी ती रांगोळी तिथं संपत होती.

ती आमच्याकडे बघत होती, चांगली झाली म्हणतील म्हणून वाट बघत.

सर खाली बसले. तिच्या हनुवटीला हात लावून त्यांनी तिचं तोंड हळूहळू डावीकडे वळवलं, अगदी खांद्यापर्यंत. तिची नजर फरशीवरून सरकत गेली आणि एकदम तिनं तोंडावर हात ठेवला.

"माय व! हाई कोनी पुसी टाकं?"

आम्हाला बसलेला धक्का तो आता तिला बसला होता. अर्धी रांगोळी कुणीतरी पुसली म्हणून ती रिकाम्या फरशीवर बोटं फिरवून बघत होती. आणि तेवढ्यात, डोकं तसंच वळवलेलं असताना, तिला डावीकडे दारात उभ्या आक्कांच्या कडेवरची पिंकी दिसली.

"पिंके! तू कधी उनी व?" कधी आलीस, म्हणून विचारत होती.

पोरीनं दोन्ही हात पुढे टाकले. आक्का हलल्या नाहीत. त्यांनी सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "म्हंजे ती मुद्दाम करस नही?"

"नाही, आक्का."

"बरी व्हई?"

सर मराठीत म्हणाले, "पुष्कळशी. सगळी होईल असं मी सांगत नाही. तिला डावीकडे बघायला शिकवावं लागेल, लहान मुलाला शिकवतात तसं. रोज."

आक्का पुढे आल्या, रांगोळीला वळसा घालून रंजनाच्या डाव्या बाजूला जाऊन बसल्या आणि पोरीला तिच्या मांडीवर ठेवलं. स्वतःचा हात मात्र पोरीच्या पाठीवरून काढला नाही. "मंग मी आठूनच बोलसू," त्या म्हणाल्या. मी इथूनच बोलेन.

कोपऱ्यातली खाट आम्ही वॉर्डाच्या मध्यभागी आणली. आम्ही सगळे डावीकडून जायला लागलो. उजवीकडून हाक मारायची नाही, असा सरांचा हुकूम होता. ताट उलटं वाढायचं, भाकरी-भाजी डावीकडे, म्हणजे भूक तरी मान वळवील. पहिले काही दिवस ती रिकाम्या उजव्या कडेकडे बघून म्हणायची, "मला जेवायला नाही का?" ताट समोर असताना. आक्का ताटाचा काठ वाजवायच्या आणि सून मान वळवेपर्यंत वाजवत राहायच्या. शेजारच्या बाईंकडे आलेल्या एका नातलगाला राहवलं नाही. "अहो, असं उलटं पान श्राद्धाला वाढतात." आक्का फिरल्या. "जित्ता मानूसले वाढी ऱ्हायनू ना मी? तुमी तुमनं देखा."

ही बरं होण्याची गोष्ट तुम्हाला सिनेमासारखी वाटत असेल तर तसं नव्हतं. एक दिवस ती नीट बघायची, दुसऱ्या दिवशी डावा खांदा दाराच्या चौकटीवर आपटायची. स्वतःचाच डावा हात तिला अंथरुणात सापडला आणि ती किंचाळली, इथं कुणाचा हात आहे म्हणून. मी तो हात धरून तिच्या गालाला लावला, हा तुझाच बाई, बघ, गोंदण बघ. घरी जाऊन मी त्या दिवशी जेवले नाही. माणूस जिवंत असताना त्याचा हात त्याला परका होतो, हे मला पचेना. अजूनही पचत नाही.

आक्का रोज तिच्याशी डावीकडून बोलत राहिल्या. गावच्या भानगडी, कांद्याचा भाव, कुणाची म्हैस व्याली. अर्धवट सांगून गप्प बसायच्या. पुढं ऐकायचं असेल तर रंजनाला वळून त्यांच्या तोंडाकडे बघावं लागे. "मंग काय व्हयनं, आक्का?" असं तिनं वळून विचारलं, तरच गोष्ट पुढं सरके. हा उपाय सरांनी सांगितलेला नव्हता. सर तो बघून मोठ्यानं हसले होते आणि म्हणाले होते, चालू ठेवा.

घरी सोडायचं की नाही हे ठरवायच्या रविवारी सरांनी रंजनाला सांगितलं, पोरीला डाव्या कडेवर घे आणि फाटकापर्यंत जाऊन ये. आक्कांनी पोर दिली खरी, पण दोन्ही हात पुढे पसरून मागून चालायला लागल्या. दिलीप फाटकाशी उभा. आम्ही सगळे व्हरांड्यात. फाटकाचा दगडी खांब डावीकडे होता आणि रंजना सरळ त्याच्या रेषेत चालली होती. पिंकीचं डोकं बरोबर त्या उंचीवर. कुणी ओरडायचं नाही, असं सरांनी आधीच बजावलं होतं.

खांबाच्या अलीकडे ती थांबली. मान डावीकडे वळवली. आधी पोरीचं तोंड बघितलं, मग खांब. अंग वळवून बाजूनं निघून गेली.

आक्का मागून म्हणाल्या, "चाल आते बिगी बिगी. एस.टी. चुकाडशी." आणि पदरानं तोंड पुसलं. पोर त्यांनी परत मागितली नाही.

त्या फाटकाच्या जागी आता दुकानांचे गाळे आहेत. हॉस्पिटल बंद झालं. सर गेले, आक्काही गेल्या. मी गेल्या वर्षी सटाण्याला जाऊन आले, पिंकीच्या धाकट्या भावाच्या लग्नाला. हा मुलगा ऑपरेशननंतर बऱ्याच वर्षांनी झालेला. रंजना माझ्या गळ्यात पडली. तिचं डावीकडचं जग पुरतं परत आलेलं नाही. दमली की अजून चौकटीला खांदा लागतो. बाकी सगळं घर तीच चालवते. पाणी द्यायला, काही विचारायला, घरातला जो तो वळसा घालून तिच्या डावीकडे जातो आणि तिथून हाक मारतो. कुणाला त्याचं आता काही वाटत नाही. नवी सूनही तसंच करते. तिला कारण कुणी सांगितलेलं नाही. तिला वाटतं, या घरात थोरांना डावीकडून हाक मारायची रीत आहे.

तुमची आजी